सुडाच्या सात तबकड्या

घरात डीव्हीडी प्लेअर नाही, हे मला सात डीव्हीडींचा संच विकत घेतल्यावर आठवलं. पार्सल आलं, मी ते दारातच फाडलं, आतला खोका छातीशी धरला आणि वर्ध्याजवळ सावंगीला आमच्या हॉलच्या मधोमध उभा राहून चारी भिंतींकडे बघत राहिलो. भिंतीवर टीव्ही होता, पोळीइतका पातळ. त्याच्या पाठीमागे हात घालून चाचपलं, तर लाल-पांढरी-पिवळी वायर खुपसायची ती तीन भोकंसुद्धा नव्हती.

माझी बायको वंदना स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. म्हणाली, "घरात म्हैस नाई, अन् दावं घेऊन आले तुम्ही."

सूड घ्यायला निघालेल्या माणसाने घरात वाद घालू नये. शक्ती वाया जाते.

दिवाळी सरली, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, की माझ्या गावाच्या, आंजीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. खरं म्हणजे कापूस भरलेल्या गाड्या खालून जातात आणि काटे त्यातला पुंजका-पुंजका ओढून ठेवतात. पण लांबून बघितलं तर बाभळच फुटल्यासारखी दिसते. शेतात सीतादही होतं, पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, दहीभाताचा नैवेद्य ठेवून बाया पहिला वेचा सुरू करतात. हवेत सरकीचा उबट, तेलकट वास येतो. लोकांचे या दिवसांत गुडघे दुखतात. माझा सूड दुखतो. गेली पस्तीसेक वर्षं तो नियमाने याच हंगामात ठणकतो, आणि होळीपर्यंत शेक घेऊनही जात नाही.

ज्याच्यावर उगवायचा तो दिवाकर. आंजीला आमच्या घराला लागून त्याचं घर. आता तो पत्ताकोबी आणि वांगी लावतो, पहाटे वर्ध्याच्या बाजारात आणून टाकतो, आणि मी भेटलो की दोन वांगी जास्त देतो. माणूस इतका कोडगा असतो. करून सवरून वांगी देतो.

आम्ही सहावीत असताना त्याच्या घरी टीव्ही आला. त्याचे वडील शाळेत मास्तर होते आणि आमच्या अख्ख्या गल्लीत तो एकच टीव्ही. टीव्ही ठेवला समोरच्या खोलीत, आणि हंगामात त्याच खोलीत वेचलेला कापूस साठवत. एका कोपऱ्यात टेबलावर टीव्ही आणि उरलेल्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत पांढरा ढीग. बसायला जमीन नव्हतीच. आम्ही पोरं पाय धुऊन, पोत्याला पुसून, ढिगावर चढायचो आणि आपापला खळगा करून त्यात पडायचो. त्या घरची आई, लीलाकाकू, दारात उभी राहून नियम सांगायची. उड्या मारायच्या नाहीत, खायचं काही आणायचं नाही, आणि ज्याला शिंक येईल त्याने बाहेर जायचं.

रविवारी सकाळी ती मालिका लागायची. नाव सांगत नाही, आम्हीही नावाने ओळखत नव्हतो. आम्ही तिला 'यान' म्हणायचो. अकरा माणसं एका यानात बसून पृथ्वीवरून निघाली आहेत आणि वाट चुकली आहेत. कॅप्टनच्या कपाळावर एक बट पांढरी. एक डॉक्टरीणबाई. आणि एक बोलणारं कपाट, ज्याला काहीही विचारलं तरी ते खरंच सांगायचं. दर रविवारी नवा ग्रह. आज कळतं की तो सगळा चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचा कारभार होता आणि सगळ्या ग्रहांवर एकच खडक रंगवून ठेवलेला होता. पण तेव्हा कॅप्टन हवेत तरंगायचा आणि त्याच वेळी आम्हीही तरंगत असायचो. त्याला वर बांधलेली तार दिसायची. आम्हाला तारेची गरज नव्हती. कापसाचा ढीग माणसाला आतून धरतो. आधी गार लागतो, मग हळूहळू अंगाची ऊब आपल्यालाच परत देतो, आणि थोड्या वेळाने आपले हात-पाय नेमके कुठे संपतात ते कळेनासं होतं. कॉलरमध्ये वाळक्या पानांचा चुरा टोचतो तेवढीच काय ती पृथ्वी शिल्लक राहते.

त्या अंतराळातून मला हाकललं ते एका संत्र्यामुळे.

संत्रं दिवाकरने आणलं होतं. रोहण्याला त्याच्या मामाची बाग. यान एका वादळात सापडलेलं, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि हा माझ्या शेजारच्या खळग्यात गुपचूप संत्रं सोलतोय. वासाने मला कळलं. त्याने चार फोडी माझ्या हातात ठेवल्या, म्हणजे तोंड बंद राहील. मी खाल्ल्या. हे मी कधीच नाकारलेलं नाही. पण बाकीचं संत्रं त्याचं होतं, साल त्याची होती, आणि ती साल ढिगात खोल खुपसणारा हातही त्याचाच होता.

दोन दिवसांनी काकूला ती सापडली. भोवतीचा ओंजळभर कापूस पिवळा पडलेला. आम्ही दोघे ओट्यावर होतो. काकूने विचारलं, "कोणं खाल्लं हे?" आणि दिवाकरने डोळ्याची पापणी न हलवता माझ्याकडे बोट केलं. काकू माझ्याकडे बघत क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आता तू टीव्ही पाहाले येत नको जाऊ."

मालिकेचे तीन भाग उरले होते. यान पृथ्वीच्या दिशेला लागलं होतं. पोहोचतं की नाही, एवढाच प्रश्न होता.

पुढचे तीन रविवार मी शेतात होतो. वडील हंगामात वर्ध्याच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला जात, त्यामुळे वेचणीला घरची अशी आईच. तिने माझ्या कमरेला फडक्याची ओटी बांधली आणि कपाशीचं एक तास दाखवून दिलं, या ओळीने जा म्हणाली. मला का हाकललं, काय झालं, काहीच विचारलं नाही. मला वाटलं, ती माझ्या दुःखाचा मान ठेवते आहे. सूर्य शेताच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबाच्या शेंड्याला लागला की मालिका सुरू होत असणार, असा मी हिशेब बांधला होता. शेंड्याला लागला की माझे हात थांबायचे. आता सुरुवातीचं संगीत. आता कपाट बोललं. वाळक्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, तिथे बारीक लाल ठिपका येतो आणि कापसाला लागतो. मी प्रत्येक ठिपक्याला दिवाकरचं नाव द्यायचो. सूर्य शेंडा सोडून पुढे गेला, की यान माझ्यावाचून पुढे गेलं.

शेवटचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अभिमान गिळून त्याला विचारलं. "पोहोचले का रे?"

दिवाकर म्हणाला, "सांगत नाई. जा."

गल्लीतल्या बाकीच्या पोरांनाही विचारून बघितलं. त्या रविवारी जो तो आपापल्या घरच्या वेचणीला गेलेला. टीव्हीसमोर होता तो एकटा दिवाकर.

तेव्हापासून मी त्याच्यावर सूड घेतोय. अतिशय चिकाटीने, आणि त्याला पत्ता लागू न देता. दहावीला त्याला माझ्या पेपरात बघायचं होतं, मी हात आडवा धरला. माझे गणिताचे मार्क पाहता त्यात त्याचं भलंच झालं. त्याच्या लग्नात मी भर पंगतीत तीन वेळा मठ्ठा मागून वाढप्याला पळवलं. तो ग्रामपंचायतीला उभा राहिला, तेव्हा माझं नाव अजून आंजीच्या यादीत होतं. मी रजा टाकून, सावंगीहून जाऊन, त्याच्या विरोधात मत दिलं. तो पडला. माझ्या एकट्याच्या मताने पडला असं नाही, पण मी तसंच धरतो.

तरी समाधान नव्हतं. सुडाला मापात माप लागतं. त्याने माझा शेवटचा भाग हिरावला, तर त्याचाही शेवटचा भागच हिरावायला पाहिजे. त्याने तो पाहिलेला होता, पण इतक्या वर्षांनी विसरला असणार, हे मी धरून चाललो. मग एक दिवस नागपूरच्या एका जुन्या शौकीन माणसाने इंटरनेटवर सात तबकड्यांचा अख्खा संच विकायला काढलेला दिसला. खोक्यावर कॅप्टनचा नुसता चेहरा, पांढऱ्या बटेसकट. बेत त्याच वेळी पक्का झाला. दिवाकरला बसवायचं, शेवटचे तीन भाग लावायचे, दोन दाखवायचे, त्याला पुरता गुंतवायचा, आणि तिसरा सुरू झाला रे झाला की वायर उपटून खोका काखोटीला मारून निघून जायचं. जाता जाता म्हणायचं, सांगत नाई, जा. हे तीन शब्द मी आंघोळ करताना कित्येकदा म्हणून पाहिले होते.

अडचण यंत्राची. वर्ध्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात फळीवर एक प्लेअर सापडला. त्याने धूळ फुंकली आणि बजावून सांगितलं, "भाऊ, चालते. पण चालू असताना वायर झटक्यानं नका काढजा. मंग दार उघडत नाई त्याचं." मी बरं म्हटलं. मी आयुष्यभर सगळ्यांना बरं म्हणत आलो आहे.

आता जुना टीव्ही. पाठीला कुबड असलेला तो जड डबा आता कोणाकडे राहिलाय? मी ओळखीपाळखीत विचारत सुटलो. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे. शेवटी मी दिवाकरला फोन केला.

"काऊन रे," तो म्हणाला, "आज कशी आठवण आली?"

"तुह्यावाला तो जुना टीव्ही चालू आहे काय?"

"चालू आहे ना. मायले मोठा टीव्ही पाह्यला की चक्कर येते, म्हणून ठेवला. काऊन?"

"एक गोष्ट दाखवाची आहे तुले."

"ये मंग रविवारी. जेवाले येजो."

म्हणजे शत्रूला मारायचं, तर त्याचीच कुऱ्हाड, त्याच्याच घरी, आणि वर जेवण. मी जेवणाला होकार दिला. उपाशीपोटी सूड नीट उतरत नाही.

रविवारी दुपारी मी खोका आणि प्लेअर घेऊन आंजीला गेलो. खोली तीच. जमिनीला आता फरशी लागली आहे, मास्तरांचा फोटो हार घालून टांगला आहे, पण कापूस तसाच, खिडकीपर्यंत. नव्या बियाण्याचा धागा लांब असेल, वास मात्र जुनाच होता. तो नाकात गेला आणि माझी नखं दुखायला लागली. लीलाकाकू दाराशी खुर्चीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, डोळ्यांवर जाड काच, पण नजर जागच्या जागी.

"पाय धुवून ये," ती म्हणाली.

मी पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो, पोरं मला सर म्हणतात. मी मोरीवर जाऊन पाय धुतले आणि पोत्याला पुसले.

ढिगावर चढताना पोट आडवं आलं. दिवाकरने हात देऊन ओढून घेतलं. तो पहाटेपासून बाजारात होता, डोळे तांबडे, अंगाला पत्ताकोबीचा वास. आम्ही शेजारी शेजारी खळगे केले. मी सातवी तबकडी घातली. पडदा उजळला आणि पहिला धक्का बसला. हा टीव्ही नंतर घेतलेला, रंगीत; मास्तरांचा पहिला टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे मी इतकी वर्षं कॅप्टनचा पोशाख निळा समजत होतो. तो भोपळ्याच्या रंगाचा निघाला. ज्याच्यासाठी आपण आयुष्यभर वैर धरलं, तो माणूस भोपळ्याच्या रंगात फिरत होता.

"हे कपाट बोलते काय?" काकूने विचारलं.

"हो काकू. ते खोटं बोलत नाही."

"मंग त्याले घरात ठेवून चालत नाई," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

पहिला भाग. यानातलं पाणी संपत आलं. काकू खुर्चीच्या टोकाला, कॅप्टनकडे बोट करून. "याच्या मायले माहीत आहे काय, हा इकडे आहे म्हणून?" दुसरा भाग. डॉक्टरीणबाई आजारी पडली. काकूने पदर तोंडाला लावला. मी तिरप्या डोळ्याने दिवाकरकडे बघत होतो, कितपत गुंतला ते. त्याचा चेहरा शांत, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. मला वाटलं भावनेच्या भरात मिटलेत. मग तो घोरला.

तिसऱ्या भागाचं संगीत सुरू झालं. हेच ते संगीत, जे मी कडुलिंबाकडे बघून मनात वाजवत होतो. पृथ्वी दिसायला लागली होती, टिकलीएवढी. कॅप्टन यानाच्या दाराशी येऊन उभा राहिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला सूड नको होता, मला पुढे बघायचं होतं. पण इतक्या वर्षांची तयारी असते, माणूस आपल्याच तयारीला भितो. मी दिवाकरला हलवलं.

"ऊठ. शेवटचा भाग आहे."

"पाहून राह्यलो ना मी," तो डोळे न उघडता म्हणाला.

मी ढिगावरून घसरत खाली आलो आणि वायर उपटली.

काकू म्हणाली, "हे काय केलं बापा? तो दाराशी उभा होता ना."

मी दिवाकरकडे बोट दाखवलं. तोंडातून ते तीन शब्द निघायचे होते, निघाले भलतेच. "संत्रं याने खाल्लं होतं. मी फक्त चार फोडी खाल्ल्या. आणि हाकललं मला. शेवटचे तीन भाग गेले माझे. म्हणून आता याचा शेवट मी दाखवणार नाही."

दिवाकर कापसातून अर्धा उठला. केसांत, भुवयांत पांढरे पुंजके. "कोणतं संत्रं?"

एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, वादळापासून ओट्यापर्यंत. तो डोकं खाजवत राहिला.

"असंन बापा. पण शेवट तं मी बी नाई पाह्यला. मले कापसात झोप लागते. तेव्हाही लागे."

"मग मी विचारलं तेव्हा, सांगत नाई, जा, का म्हणालास?"

"झोपलो होतो, हे सांगू काय सगळ्या गल्लीत?"

काकूने चष्मा काढून पदराने पुसला. "संत्रं यानंच खाल्लं, हे मले त्याच दिवशी माहीत होतं. बिया याच्याच खिशात होत्या."

"मग मला का हाकललंत काकू?"

"तुह्या मायनं सांगितलं म्हणून," काकू म्हणाली. "आली होती त्याच सकाळी. म्हणे, बाई, रविवार आला का पोरगा तुमच्या घरी येऊन पडते, अन् माह्या वावरात कापूस फुटून लोंबून राह्यला. मी म्हणतो तं ऐकत नाई, रडते. तुम्ही काईतरी कारण काढून हाकला त्याले. मी कारण शोधूनच राह्यली होती, तं हे साल सापडली. बरं झालं म्हटलं." मग तिने पडद्याकडे हात केला. "लाव आता ते. पोहोचला काय तो?"

मी वायर लावली. हिरवा दिवा लागला. आतून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला आणि थांबला. दार उघडेना. दिवाकरने स्क्रू-ड्रायव्हर आणला, मग चाकू आणला. बऱ्याच खटपटीनंतर सातवी तबकडी बाहेर आली. एका काठापासून मध्यापर्यंत तडा.

आम्ही तिघंही त्या तबकडीकडे बघत राहिलो. तिच्यात खोलीची खिडकी दिसत होती, सात रंगांत, मधे चिरलेली. दिवाकर मला दोष देईल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "वांगी नेजो जाताना, तुरीच्या शेंगा बी आहेत." काकू मात्र काळ्या पडद्याकडेच बघत होती. मग स्वतःशीच म्हणाली, "पोहोचला असंन. एवढ्या दुरून आला तो." मला तिच्यासमोर उभं राहवेना.

परतताना बाभळींवर ऊन तिरपं पडलं होतं आणि काट्यांवरचा कापूस पेटल्यासारखा दिसत होता. सूड पोटात तसाच होता, फक्त त्याला पत्ता उरला नव्हता. पस्तीस वर्षं एका माणसाचा दरवाजा ठोठावत होतो आणि गुन्हेगार माझ्याच घरात, माझ्याच कमरेला ओटी बांधून देत होता. गाडी चालवता चालवता मी नवा खटला तयार केला. या वेळी पुरावा होता, साक्षीदार होती. आई आमच्याकडेच सावंगीला असते. तिला आता मी सोडणार नव्हतो.

ती हॉलमध्ये खाली बसलेली होती. मी शेंगांची पिशवी पुढ्यात ठेवली, तिने सोलायला घेतल्या. वंदना शेजारी येऊन बसली, तिला अंदाज आला असावा.

"आई, लीलाकाकूला तूच सांगितलं होतंस ना, मला हाकलायला?"

"हाव," आई म्हणाली. हातातली शेंग तटकन उकलली.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तं तू मले शिव्या दिल्या असत्या. तिले दिल्या. तिले काय फरक पडते."

"तीन रविवार गेले माझे. त्या कॅप्टनचं काय झालं, मला आजही माहीत नाही. पस्तीस वर्षं मी दिवाकरशी वैर धरलं."

आईने हात थांबवले. माझ्याकडे नीट बघितलं. चेहरा मऊ झाला, आणि मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार आणि मला मोठ्या मनाने माफ करावं लागणार.

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "दिवसभर वेचून दोन किलो कापूस नाई भरे तुह्या ओटीत, अन् त्यातबी अर्धा पाला. तो निवडाले मलेच बसा लागे. त्यापेक्षा टीव्ही पाहू दिला असता तं माह्यं काम कमी झालं असतं."